एफ७ दाबत दाबत थॉनी

मार्च उजाडला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात घराघरांत काजूचा हिशेब सुरू होतो. सकाळी बोंडू गोळा करायचे, बी वेगळी काढायची, वाळवायची, गोणीत भरायची आणि वजन करून दुकानावर द्यायची. आमच्या शेजारच्या वहिनी ती सगळी वजनं वहीत लिहून ठेवतात. मी वाळपईत ३२ वर्षं गणित शिकवलं, आता शनिवारी संध्याकाळी घरच्या सोप्यावर सातवी-आठवीच्या मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. एक दिवस वहिनी वही घेऊनच आल्या. "टीचर, भुरग्यांक शिकयतात तें म्हाकाय शिकयात मगो." मुलांना शिकवता ते मलाही शिकवा.

हे लिखाण त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. आमची मुलं शाळेत सहावीपासून सरकारी योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकतात, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, तयार करतात. पण ठोकळे सोडून अक्षरांनी लिहायची वेळ आली की तीच मुलं बुजतात. त्या जागी मला थॉनी हा एडिटर, म्हणजे कार्यक्रम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, फार उपयोगी वाटतो. तो एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठीच बनवला गेला. फुकट आहे आणि पायथन त्याच्या पोटातच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. थॉनी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून विंडोजसाठीची फाइल उतरवा, दोनदा क्लिक करा, नेक्स्ट म्हणत जा. एकदा बसला की नेट लागत नाही. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की आधी लाईट जाते आणि मागोमाग नेट, त्यामुळे ही गोष्ट माझ्या दृष्टीने मोठी आहे.

पहिल्यांदा उघडल्यावर भाषा विचारतो. इंग्रजीच ठेवा. चुकांचे संदेश इंग्रजीतच येणार आहेत, मेनूचे शब्दही त्याच भाषेत ओळखीचे झालेले बरे.

समोर दोन चौकटी दिसतील. वरची रिकामी चौकट म्हणजे एडिटर, तिथे आपण लिहायचं. खालची शेल, तिथे पायथन आपल्याशी बोलतं. मी यात लगेच तिसरी जोडायला सांगते: वरच्या व्ह्यू मेनूत जा आणि व्हेरिएबल्सवर टिक करा. उजवीकडे एक तक्ता उघडेल, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला किंमत. व्ह्यूच्या यादीत अजून बरीच नावं आहेत, हीप, स्टॅक, आउटलाइन वगैरे. ती तशीच राहू द्या. व्हेरिएबल्स मात्र कधीही बंद करू नका. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात मी क्ष आणि य यांच्या किमती लिहून ठेवायची आणि गणित पुढे सरकेल तशा पुसून नव्या मांडायची. हा तक्ता नेमकं तेच काम करतो.

अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा. कायमची मोठी हवी असतील तर टूल्स, त्यात ऑप्शन्स, त्यात थीम अँड फाँट. तिथेच शेजारच्या एडिटर पानावर ओळींचे क्रमांक दाखवण्याची टिक आहे, ती करून टाका. चूक दाखवणारा संदेश नेहमी ओळीचा क्रमांक सांगतो, तो मोजत बसायला लागू नये.

आता लिहा:

वजन = 12
दर = 100
पैसे = वजन * दर

होय, नावं देवनागरीत चालतात. पायथन ३ मराठी अक्षरांची नावं आनंदाने घेतं. आकडे मात्र इंग्रजी कळांचेच हवेत, कार्यक्रमात १२ असं मराठीत लिहिलं तर ते ओळ नाकारतं. दर मी सोयीसाठी शंभर धरला, तुम्ही त्या दिवशीचा दुकानावरचा घाला.

हिरव्या बाणाचं बटण किंवा एफ५ म्हणजे रन. काही लॅपटॉपवर एफएनची कळ धरून एफ५ दाबावं लागतं. पहिल्या वेळी फाइलचं नाव विचारेल, त्यानंतर प्रत्येक रनआधी तो आपणहून सेव्ह करतो. रन केल्यावर खाली काहीच दिसणार नाही, कारण दाखव असं आपण सांगितलेलंच नाही. घाबरू नका. शेलमध्ये नुसतं पैसे लिहून एंटर दाबा. 1200 येईल. कार्यक्रम संपला तरी शेल त्याच्या किमती लक्षात ठेवतं, म्हणून तिथे काहीही विचारून बघता येतं. वजन * 2 लिहा, दर + 5 लिहा. फाइलला काही होत नाही. शेल म्हणजे कच्ची वही.

खरं शिकणं इथून पुढे. वहिनींना वजन दर वेळी वेगळं भरायचं होतं, म्हणून पहिल्या ओळीत बाराच्या जागी इनपुट आणि त्याचे कंस, म्हणजे input(), लिहिले. रन केलं, शेलमध्ये कर्सर थांबला, त्यांनी 12 भरलं. पुन्हा पैसे विचारलं, तर उत्तर आलं '1212121212... संपेचना. त्यांनी हात मागे घेतला. "टीचर, हें किदें जालें?"

अशा वेळी मुलं काय करतात ते मी रोज बघते. पुन्हा एफ५. पुन्हा तेच. मग कुठेतरी एखादा कंस बदलतात, पुन्हा एफ५. गणितात उत्तर चुकलं की मुलगा सगळं खोडून पुन्हा तसंच लिहितो, अगदी तसं. रन हे बटण फक्त शेवटचं उत्तर सांगतं, वाट कुठे चुकली ते सांगत नाही. वाट दाखवणारं बटण त्याच्या शेजारीच आहे, किड्याच्या चित्राचं. कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबलं तरी तेच होतं. त्याला डीबग म्हणतात.

दाबल्यावर कार्यक्रम चालत नाही, पहिल्याच ओळीवर थांबतो आणि ती ओळ रंगवतो. आता दोन कळा लक्षात ठेवा. एफ६ ही ओळ एका दमात पार करते. एफ७ ओळीच्या आत शिरते. पहिली ओळ एफ६ ने पार केली, वजन भरलं. दुसरी पार केली. इथे थांबून वहिनींना म्हटलं, उजवीकडच्या तक्त्यात बघा. दर समोर 100 होतं. वजन समोर '12' होतं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं.

सगळं उत्तर त्या दोन चिन्हांत आहे. अवतरणात आहे ते अक्षर, संख्या नव्हे. इनपुट जे घेतं ते नेहमी अक्षरांच्या रूपात देतं. आणि पायथनमध्ये अक्षरांना शंभराने गुणलं तर ती शंभरदा लिहिली जातात. तिसऱ्या ओळीवर एफ७ दाबत गेलो. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडच्या भागाभोवती चौकट आली, मग वजन हा शब्द रंगला, त्याच्या जागी '12' येऊन बसलं, मग दरच्या जागी 100, आणि पुढच्या दाबाला त्या सगळ्याच्या जागी ती लांबलचक माळ. कागदावर राशी सोडवताना आपण क्षच्या जागी किंमत घालतो आणि खाली नवी ओळ लिहितो, अगदी तसंच. हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा एडिटर माझ्या हाताला लागलेला नाही.

उपाय एका शब्दाचा. इनपुटला बाहेरून फ्लोटचे कंस घाला, float(input()) असं, की अक्षरांची संख्या होते. इंट घातलं तर फक्त पूर्ण संख्या चालतात, आणि काजूचं वजन नेहमीच पूर्ण येत नाही. वहिनी पुढे मोबाइलवरच्या सवयीने मराठी आकड्यांत १२.५ लिहून बसल्या, आणि फ्लोटने तेही मान्य केलं. म्हणजे कार्यक्रमात लिहिलेले आकडे इंग्रजी हवेत, पण शेलमध्ये भरलेले मराठी आकडे हे कंस ओळखतात. मलाही ते त्या संध्याकाळीच कळलं.

पुढच्या शनिवारी गोण्यांची बेरीज घेतली.

गोण्या = [48, 51, 46]
एकूण = 0

खाली फॉरची ओळ, for गोणी in गोण्या, शेवटी अपूर्णविराम. एंटर मारला की थॉनी पुढची ओळ आपणहून चार जागा आत घेतो, तिथे एकूण = एकूण + गोणी. आत असलेलं प्रत्येक गोणीसाठी पुन्हा होतं, बाहेर असलेलं एकदाच. अनेक ओळी एकदम आत न्यायच्या तर त्या निवडून टॅब दाबा, बाहेर आणायच्या तर शिफ्ट आणि टॅब. एडिट मेनूत हेच इंडेंट, डिडेंट या नावांनी आहे. वहिनींनी एकूण = 0 चुकून फॉरच्या आत घेतलं आणि बेरीज आली 46. तीन गोण्या आणि उत्तर शेवटच्या गोणीचं. मी काही बोलले नाही. त्यांनीच किडा दाबला, फॉरच्या ओळीवर एफ६ दाबलं आणि लूप, म्हणजे फॉरच्या सगळ्या फेऱ्या, क्षणात संपून गेला, काहीच बघायला मिळालं नाही. म्हणून हे खास सांगते: फॉरवर आलात की एफ७. दुसऱ्या वेळी त्या एफ७ ने आत शिरल्या आणि तक्त्याकडे डोळे लावून बसल्या. 48, मग 0. 51, मग 0. "दरेक फावटीं पुसता मगो हें," म्हणजे दर वेळी पुसतंय हे, म्हणाल्या, आणि ती ओळ उचलून फॉरच्या वर नेली, शिफ्ट-टॅबने बाहेर काढली. 145.

लाल अक्षरांत संदेश आला तर तो खालून वाचा. शेवटच्या ओळीत चूक कोणती त्याचं नाव असतं, त्याच्या वर ओळीचा क्रमांक, आणि त्या क्रमांकावर क्लिक केलं की कर्सर तिथे जातो. उजवीकडे असिस्टंट नावाची चौकट उघडते, ती चूक सोप्या इंग्रजीत समजावते. बऱ्याच चुका मात्र रनच्या आधीच दिसतात. अवतरण बंद करायचं राहिलं तर त्या अक्षरांची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची होते. तो रंग दिसला की हात थांबवा.

कार्यक्रम थांबतच नसेल तर लाल स्टॉप, किंवा कंट्रोल आणि एफ२. त्याने पायथन नव्याने सुरू होतं आणि व्हेरिएबल्सचा तक्ता रिकामा होतो. फाइल जागेवर असते, घाबरायचं कारण नाही. एखादी ओळ पुसायची नाही पण तात्पुरती बाजूला ठेवायची आहे, तर तिच्यावर जाऊन कंट्रोल आणि ३. पुढे हॅशचं चिन्ह लागतं, पायथन ती वाचत नाही. पुन्हा तेच दाबलं की परत येते.

दोन गोष्टींनी माझ्याकडच्या मुलांची प्रत्येकी एक संध्याकाळ वाया गेली, त्या सांगते. पहिली फाइलच्या नावाची. गणपतीच्या चवथीआधी मुलं टर्टल हे पायथनमधलं चित्र काढायचं साधन वापरून रांगोळी काढत होती. एकीने फाइलला टर्टल हेच नाव दिलं. मग पायथनला खऱ्या टर्टलऐवजी तिचीच फाइल सापडायला लागली आणि बरोबर लिहिलेली ओळही चुकीची ठरली. नाव बदलून रांगोळी१ केलं, जुनी फाइल काढून टाकली, आणि चित्र उमटलं. आपण वापरतो त्या साधनाचं नाव फाइलला द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याची. तिथे बारीक अक्षरांत लोकल पायथन ३ असं लिहिलेलं असतं. एक मुलगा शाळेतून रास्पबेरी पाय पिको हा छोटासा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेऊन आला होता. त्यासाठी आम्ही त्या कोपऱ्यात क्लिक करून मायक्रोपायथन, म्हणजे अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन, निवडलं, त्याचा दिवा लुकलुकला, तो खूश होऊन घरी गेला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या मुलीने लॅपटॉप उघडला तर शेलमध्ये लाल अक्षरं, उपकरण सापडत नाही म्हणून. बिचारी रडकुंडीला आली, तिला वाटलं तिनेच काही मोडलं. कोपऱ्यात क्लिक करून लोकल पायथन ३ परत निवडलं आणि तिची फाइल चालली. काहीच न करता लाल अक्षरं आली तर आधी तो कोपरा बघा.

राहिला टूल्समधला मॅनेज पॅकेजेस, पायथनला जास्तीची साधनं जोडायची जागा. तिथे नाव लिहून शोधायचं आणि इन्स्टॉल दाबायचं, एवढंच. फक्त इथे नेट लागतं. वहिनींना आता तीन मोसमांच्या वजनांचा आलेख हवा आहे, त्यासाठी मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं साधन बसवायचं आहे. लाईट टिकली तर या शनिवारी.