सिम्प्सन वाळवंटात शिरण्याआधी: सॅटेलाइट फोनची तयारी

आमच्या ओळखीतली तीन मराठी कुटुंबं या जुलैत ॲडलेडहून निघून मध्य ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट ओलांडणार आहेत. गाड्यांची तयारी चोख आहे. दोन-दोन स्पेअर टायर, पाण्याचे कॅन, जादा डिझेल, पलीकडून येणाऱ्या गाडीला दिसावा म्हणून साडेतीन मीटर उंचीवरचा झेंडा, सगळं जमवून झालंय. सॅटेलाइट फोनबद्दल विचारलं तर म्हणाले, "भाड्यानं घेतलाय, डिकीत टाकतो." ते ऐकून मला राहवेना, म्हणून हे लिहायला बसलो. फोन गाडीत असणं पुरेसं नाही. गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो रात्री, हात थरथरत असताना लावता आला पाहिजे.

महिनाभर आधी फोन कोणत्या उपग्रहांवर चालतो ते बघा. इरिडियमचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यामुळे ते कुठूनही सापडतात, पण एक उपग्रह काही मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो आणि एखाद्या घळीत उभे असाल तर बोलता बोलता फोन तुटतो. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, एकाच जागी असल्यासारखे दिसतात. तो फोन असेल तर अँटेना उत्तरेच्या आकाशाकडे करायची आणि उत्तरेला उंच टेकाड येणार नाही अशी जागा धरायची. आवाज पलीकडे पोहोचायला थोडा वेळही लागतो, म्हणून वाक्य संपवून थांबायची सवय लावा. कोणी थुराया कंपनीचा जुना सॅटेलाइट फोन स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यांचा या भागावरचा उपग्रह एप्रिल २०२४ मध्ये बिघडला आणि ऑस्ट्रेलियातली सेवा बंद पडली. नव्या आयफोनवरून उपग्रहामार्फत मदतीचा मेसेज जातो, ते चांगलंच आहे. पण डॉक्टरशी बोलत बोलत पेशंटचं पोट दाबून बघायचं असेल तर आवाजच लागतो.

भाड्याचा फोन हातात आला की त्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: सिम चालू आहे का, बोलायची मिनिटं किती, आणि वैधता कोणत्या तारखेला संपते. सहलीचे दिवस अधिक निदान एक आठवडा, एवढी वैधता हवीच. वाळवंटात पाऊस पडला की वाटा बंद होतात आणि आठ दिवसांची सहल सहज बारा दिवसांची होते. फोनचा स्वतःचा नंबरही तेव्हाच लिहून घ्या. तो नंबर किती महत्त्वाचा, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्या पॉपेल कॉर्नरच्या पूर्वेला मुक्कामी होतो. क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी जिथं एकत्र येतात, ती ही जागा. रात्री अकराच्या सुमारास मित्राच्या बायकोच्या पोटात जबरदस्त कळा सुरू झाल्या. मी फ्लाइंग डॉक्टरला, म्हणजे दुर्गम भागात विमानानं पोहोचणाऱ्या इथल्या वैद्यकीय सेवेला, फोन लावला आणि तो लागला. डॉक्टर बाई अगदी शांतपणे एकेक विचारत गेल्या. वय काय, कळ कुठं आणि कधीपासून, ताप आहे का, उलटी झाली का, आधीचं ऑपरेशन, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. औषधांची नावं नवऱ्याला आठवेनात. पिशवी शोधण्यात चार मिनिटं गेली. मग त्यांनी विचारलं, "फोन तुटला तर मी कोणत्या नंबरवर करू?" आणि तो नंबर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. भाड्याच्या पाकिटातला कागद दुसऱ्या गाडीत राहिला होता. तेवढ्यात फोन तुटला. परत लावून सगळं नीट बोलणं झालं, कळ पहाटे उतरली आणि दुसऱ्या दिवशी वाळवंटाच्या पूर्व टोकाच्या बर्ड्सव्हिल गावातल्या दवाखान्यात दाखवून आलो. पण ती मधली दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून फोनच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर त्याचा नंबर मार्करनं लिहिलेला असतो. फोनला दोरीनं एक लॅमिनेट केलेलं कार्ड बांधलेलं असतं, तळहाताएवढं, मराठीत. पुण्याहून आलेली आई सोबत असेल तर तिलाही वाचता यावं, म्हणून मराठीत. त्यावर लिहिलंय: गाडीतून बाहेर ये, मोकळ्या आकाशाखाली उभी राहा, अँटेना पूर्ण बाहेर ओढून सरळ वर कर, स्क्रीनवर नेटवर्क आलं असं दिसेपर्यंत थांब, शून्य दाबून धर म्हणजे अधिकचं चिन्ह येईल, मग ६१ आणि पुढचा नंबर. पाठीमागच्या बाजूला प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, रोजची औषधं डोससकट आणि ॲलर्जी. हे घरी जेवणाच्या टेबलावर बसून सगळ्यांना विचारून लिहा. रक्तदाबाच्या गोळीचं नाव वाळूत उभं राहून आठवत नाही.

नंबर साठवताना देशाच्या कोडसकट साठवा आणि गावाच्या कोडमधलं पहिलं शून्य गाळा. म्हणजे ०८ ने सुरू होणारा नंबर +६१ ८ असा होतो. १३, १३०० किंवा १८०० ने सुरू होणारे नंबर सॅटेलाइट फोनवरून लागतीलच असं नाही, म्हणून विमा कंपनी आणि गाडी ओढून नेणारी सेवा यांच्याकडून साधा पूर्ण नंबर मागून घ्या. ट्रिपल झिरो (०००), म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, तुमच्या सिमवरून लागतो का, हे फोन देणाऱ्याला स्पष्ट विचारा. नुसतं बघायला म्हणून तो लावू नका. फ्लाइंग डॉक्टरचे नंबर भागानुसार वेगळे असतात आणि सिम्प्सनच्या वाटेवर तुम्ही एकाहून जास्त राज्यांत असता, तेव्हा वाटेतल्या सगळ्या भागांचे नंबर घ्या. बर्ड्सव्हिल आणि वाळवंटाच्या पश्चिम टोकाचं माउंट डेअर इथले नंबरही हवेत. गाडी मोडली तर डॉक्टरपेक्षा तेच उपयोगी पडतात.

आता ठिकाण सांगण्याची गोष्ट, आणि इथं घाई करू नका. गाडीतला नकाशा अक्षांश दशांशात दाखवतो आणि फोन अंश-मिनिटांत, असं पुष्कळदा होतं. नकाशावरचं २६.३० हे कोणी "सव्वीस अंश तीस मिनिटं" असं वाचलं तर फरक ०.२ अंशाचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा पडतो. टेकाडांच्या प्रदेशात २२ किलोमीटर म्हणजे काही तासांची वाट. म्हणून दोन्ही यंत्रं घरीच एका पद्धतीवर लावून ठेवा आणि सांगताना "डेसिमल डिग्रीज" किंवा "डिग्रीज अँड मिनिट्स" हे शब्द आधी उच्चारा. आकडे एकेक करून सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्या. लिखाणाचा कागद आणि पेन्सिल फोनच्याच पिशवीत. थंडीत बॉलपेन रुसतं.

निघायच्या आठवड्यात अंगणात सराव करा. प्रत्येक मोठ्या माणसानं एकदा फोन सुरू करून घरच्या माणसाला लावायचा, एकदा मेसेज पाठवायचा, आणि फोन बंद-चालू करण्याचा पिन स्वतः दाबायचा. मग त्याच फोनवर बाहेरून फोन येतो का तेही बघा. कारण फोन तुटला की डॉक्टर परत फोन करतात, आणि तोवर आपण अँटेना मिटून फोन खिशात घातलेला असतो. बोलणं झाल्यावर अर्धा तास तरी फोन चालू, अँटेना वर, गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा आणि एकानं त्याच्याजवळ थांबायचं. कार्डावर हे ठळक लिहा.

बॅटरी फार काळ टिकत नाही. इरिडियमच्या नेहमीच्या हँडसेटला साधारण चार तास बोलणं आणि तीस तास नुसतं चालू राहणं एवढंच जमतं. दिवसा बंद ठेवा, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी चालू करा, गाडीचा चार्जर आधी लावून तपासा. फोन ड्रायव्हरच्या हाताशी, पाण्याचा थेंब जाणार नाही अशा डब्यात असावा. डिकीत सामानाखाली असलेला फोन गाडी उलटल्यावर मिळत नाही.

रोज ज्याला खुशालीचा मेसेज करायचा तो घरचा माणूस ऑस्ट्रेलियातलाच निवडा. पुण्यातला भाऊ कितीही जबाबदार असला तरी त्याला इथल्या पोलिसांना कळवणं अवघड जाणार. त्या माणसाकडे रोजचा मार्ग, गाड्यांचे नंबर, सगळ्यांची नावं आणि एक ठाम वेळ द्या: "रात्री आठपर्यंत मेसेज नाही आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोलिसांना कळव." वेळ कुठल्या राज्याची तेही लिहा. जुलैत बर्ड्सव्हिल साउथ ऑस्ट्रेलियाच्या अर्धा तास पुढे असतं.

सोबत पीएलबी, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर मदतीचा संकेत पाठवणारं छोटं यंत्र, असू द्या. ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी फुकट होते; नोंदणीत यंदाच्या सहलीची माहितीही भरा. फोन फुटला, हरवला किंवा बोलणारा बेशुद्ध पडला तर हेच उरतं. दोन गाड्यांमधल्या गप्पांसाठी आणि टेकाडावर समोरून कोणी येतंय का ते कळायला यूएचएफ रेडिओ, सिम्प्सनमध्ये चॅनेल १० वर.

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याची उदाहरणं आहेत. तुम्ही सहलीनंतर लगेच मुंबईला जाणार असाल तर फोन ॲडलेडमध्येच परत करा. सामानात चुकून राहू देऊ नका.

शेवटचं टेकाड, बिग रेड, उतरल्यावर बर्ड्सव्हिलला मोबाइलची रेंज येते आणि सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात. त्याआधी घरच्या माणसाला "पोहोचलो, सगळे ठीक" एवढा मेसेज करा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. तो आठच्या ठोक्याची वाट बघत बसलेला असतो.