गावचं बंद घर फोडलं तर फिर्याद देताना या चुका टाळा

कोकणातली घरफोडी बऱ्याचदा उशिराच कळते. चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला येतो, तेव्हा कोयंडा उचकटलेला दिसतो. मग माणसं आत शिरतात, कपाटं लावतात, केर काढतात. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत घरच्यांचेच ठसे सगळीकडे उमटलेले असतात. म्हणून आत जाऊ नका. बाहेरूनच ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा. तुटलेलं कुलूपही जागचं हलवू नका, पंचनाम्यात ते यायला हवं.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे लेखी अर्जावर शिक्का घेऊन परत येणं. अर्जाची पोच म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबर अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तिच्यावर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलमं बघितल्याशिवाय पोलीस ठाण्यातून उठू नका. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण कायद्याला मान्य नाही. शून्य क्रमांकाने नोंद करावीच लागते, म्हणजे गुन्हा नोंदवून तो ज्या ठाण्याच्या हद्दीतला असेल तिकडे पाठवावा लागतो. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

गेलेलं सगळं पहिल्याच दिवशी आठवत नाही. समई, तांब्याचा हंडा चार दिवसांनी ध्यानात येतो. तेव्हा पुरवणी जबाब द्या, तोंडी सांगून भागत नाही. दागिन्याचं वजन, घडण, पावती, लग्नातला फोटो जोडा. पुढे मुद्देमाल सापडला की कोर्टातून तो सोडवताना मालकी यावरूनच पटवावी लागते.

आता पत्ता. फिर्यादीत फक्त गावचा पत्ता दिला की समन्स बंद दाराशी येतं. साक्षीला गैरहजर राहिलात तर तुमच्याच नावे वॉरंट निघू शकतं. चोर सापडला नाही तर पोलीस तपास बंद करायला कोर्टाकडे ‘अ समरी’ मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. ती मंजूर करण्याआधी कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं. तुमचा आक्षेप नोंदवायची हीच वेळ, आणि ती फक्त पत्त्यापायी हुकते. मुंबईचा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर फिर्यादीतच लिहायला लावा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आक्षेपासाठी वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; महिलांना उत्पन्न न पाहता तो मोफत मिळतो. घर बदललंत तर गु.र.नं. घालून ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.