जुने कुंगफू सिनेमे कसे पाहावेत

कुंगफू सिनेमा म्हटलं की बहुतेकांना ब्रूस ली आठवतो, ओठांशी न जुळणारे संवाद आठवतात आणि हात हवेत फिरला की येणारा तो 'सूंऽऽ' आवाज आठवतो. त्यापुढे फारसं कोणी जात नाही. साठीच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हाँगकाँगमध्ये जे सिनेमे तयार झाले, त्यांत माणसाच्या शरीराची जी हुशारी पडद्यावर दिसते ती नंतर क्वचितच दिसली. त्याच सिनेमांत घाईघाईत उरकलेल्या कथा आहेत, बाईला कोपऱ्यात बसवणं आहे, जपानी माणसाला सरसकट राक्षस ठरवणं आहे. गुण आणि दोष दोन्ही एकाच मुळातून आले आहेत. ते मूळ लक्षात आलं की हे सिनेमे जास्त मनापासून आवडतात आणि त्यांच्यावर टीकाही नेमकी करता येते.

पहिली पायरी: सिनेमे कुठे आणि कसे बनत, ते माहीत करून घ्या

चित्रपट निर्माते रन रन शॉ १९५७ साली सिंगापूरहून हाँगकाँगला आले. १९६१ मध्ये क्लिअर वॉटर बे इथे त्यांचा भव्य स्टुडिओ सुरू झाला. आत कायमचे उभारलेले रस्ते, वाडे, खाणावळी होत्या. नटनट्या करारावर असत आणि त्यांतले बरेच जण आवारातच राहत. वर्षाला डझनावारी चित्रपट बाहेर पडत. चित्रीकरणाच्या वेळी आवाज ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत नव्हती. संवाद, वार, पावलांचे आवाज सगळं नंतर भरलं जाई. १९७० मध्ये शॉ कंपनीतून बाहेर पडलेल्या रेमंड चाऊ यांनी गोल्डन हार्वेस्ट ही स्वतःची चित्रपट कंपनी उभी केली. शॉ कंपनीने देऊ केलेला करार न पटलेला ब्रूस ली तिथे गेला आणि पुढचा इतिहास झाला.

या व्यवस्थेतून काय निघालं ते बघा. तीच माणसं रोज एकमेकांसोबत लढत, म्हणून समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावरून पूर्ण ताकदीने लाथ मारण्याइतका भरवसा तयार झाला. मारामारी बसवणाऱ्याला हवे तितके दिवस मिळत, पटकथेला मिळत नसत. आवाज नंतर घालायचा असल्याने चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक ओरडून ताल देऊ शके, आणि त्याच कारणाने संवाद ओठांवर बसत नसत. पुढचा प्रत्येक दोष पाहताना या गोष्टी मनात ठेवा.

दुसरी पायरी: ब्रूस लीपासून सुरुवात करू नका

हे थोडं विचित्र वाटेल, पण माझं मत पक्कं आहे. ब्रूस ली हा या परंपरेचा नमुना नव्हे, अपवाद आहे. त्याच्या लढती छोट्या असतात. समोरचा माणूस टिकतच नाही. 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) आधी पाहिला की बाकीचे सिनेमे संथ वाटू लागतात आणि त्यांचा खरा ऐवज नजरेतून सुटतो.

सुरुवात करा दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग यांच्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'ने (१९७८). मग त्याच वर्षीचा जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' पाहा. त्यानंतर सॅमो हंगचा 'द प्रॉडिगल सन' (१९८१). मग मागे जाऊन किंग हू यांचा 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६). तो तलवारीचा सिनेमा आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. ब्रूस ली पाचव्या क्रमांकावर ठेवा. तोवर तुमची नजर तयार झालेली असेल आणि या माणसाने काय मोडून काढलं ते कळेल.

तिसरी पायरी: प्रिंट नीट निवडा

या पायरीचा लोक कंटाळा करतात आणि तिथेच सगळं हुकतं. शॉ कंपनीचे बहुतेक सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले आहेत, रुंदी उंचीच्या सुमारे सव्वादोन पटींहून जास्त. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात ते चौकोनी टीव्हीवर मावावेत म्हणून दोन्ही बाजू कापल्या गेल्या. दोघे समोरासमोर उभे असलेलं दृश्य असेल तर एक जण चक्क गायब व्हायचा. वार येतोय, पण कोणाकडून ते दिसत नाही. आपल्याकडे अनेकांचं या सिनेमांबद्दलचं वाईट मत अशा कापलेल्या, डागाळलेल्या प्रती पाहून झालेलं आहे.

शॉ कंपनीचा जुना साठा नंतर सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेतला आणि २००२ पासून दुरुस्त केलेल्या प्रती बाजारात आणल्या. त्यावरून काढलेली, पूर्ण रुंदीची आणि सबटायटल असलेली प्रत शोधा. हिंदी किंवा इंग्रजी डबिंग टाळा. मँडरिन किंवा कँटोनीज या चिनी भाषांतला मूळ आवाजही नंतर भरलेलाच असतो, तरी त्यात निदान बोलण्याची ढब आणि मानमरातब शाबूत राहतो.

चौथी पायरी: तालमीच्या दृश्यांत घाई करू नका

'थर्टी-सिक्स्थ चेंबर'मध्ये गॉर्डन लिऊने साकारलेला तरुण जुलमी राजवटीतून जीव वाचवून शाओलिन मठात येतो. त्याला वाटतं, आता लगेच लढायला शिकवतील. पहिला धडा मिळतो तो जेवणघराच्या वाटेवर. मध्ये पाणी आहे, पाण्यात लाकडाची मोळी तरंगतेय, तिच्यावर पाय टेकवून पलीकडे जायचं. बाकीचे भिक्षू सहज जातात. हा पाण्यात पडतो. मग रात्री एकटाच येऊन पडत-उठत शरीराचा तोल शोधतो.

पुढच्या दालनात पाण्याच्या जड बादल्या हात आडवे ताणून चढावर न्यायच्या. दंडांना आतल्या बाजूने पाती बांधलेली असतात. हात खाली आला की पातं बरगडीत रुतणार. आणखी एका ठिकाणी लांब दांड्याच्या टोकाला जड वजन, आणि त्याने ठरलेल्या ठेक्यात घंटा वाजवायची, म्हणजे सगळा भार मनगटावर. एका दालनात डोकं स्थिर ठेवून नुसत्या नजरेने हलत्या ज्योतीचा पाठलाग करायचा.

चित्रपटाचा मधला मोठा भाग असा जातो आणि त्यात खलनायक कुठेच नसतो. पाहताना प्रत्येक दालनात कोणता अवयव घडतोय ते मनाशी नोंदवा. शेवटच्या लढतीत तेच मनगट, तीच नजर, तोच तोल कामाला येताना दिसतो. ज्यांना या सिनेमात 'काही घडत नाही' असं वाटतं, त्यांनी नेमका हाच धागा सोडलेला असतो. शिकणं म्हणजे काय, हे इतक्या तपशिलात दाखवणारे सिनेमे जगात कमी आहेत, आणि माझ्या लेखी या प्रकाराची सगळ्यात मोठी देणगी हीच.

पाचवी पायरी: लढत वाचायला शिका

कुस्तीच्या फडात जाणकार माणूस पैलवानांच्या पायांकडे पाहत असतो. इथेही तेच करा. हातांची वेटोळी डोळ्यांना खेचतात, पण पवित्रा रुंद आहे की अरुंद, वजन पुढच्या पायावर आहे की मागच्या, यावरून पुढची चाल आधीच कळते. लाउ कार-ल्युंग यांच्या घराण्यात हुंग गार ही कुंगफूची शैली पिढीजात होती. त्यांचे वडील वाँग फेइ-हुंग या नामांकित वस्तादाच्या शिष्याचे शिष्य. त्यांच्या सिनेमात प्रत्येक शैलीचा पाय वेगळा पडतो, तो पाहण्यासारखा असतो.

मग कट मोजा. चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती एकेका तुकड्यात अनेक डाव-प्रतिडाव सलग दिसतात आणि दोघेही डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत असतात. नट कच्चा असेल तर कॅमेरा जवळ जातो, तुकडे लहान होतात, पाठमोरा बदली माणूस येतो. काही वेळा कॅमेरा सेकंदाला २४ पेक्षा कमी फ्रेमच्या वेगाने चालवून हालचाल जलद केलेली असते. कपड्यांची फडफड अनैसर्गिक वाटली की ओळखायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे थांबे. वार, वार, वार, आणि क्षणभर सगळं गोठतं. हे चिनी ऑपेराकडून, म्हणजे गाणं आणि कसरती असलेल्या तिथल्या पारंपरिक नाटकाकडून आलेलं आहे, तिथे तालवाद्याच्या ठोक्यावर नट पवित्र्यात स्थिर होतो. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे लहानपणी हाँगकाँगच्या एकाच ऑपेरा शाळेत यू जिम-युएन यांच्या कडक शिस्तीत वाढले. त्यांच्या लढतींना जो ठेका आहे तो तिथला.

या सिनेमांत कथा मारामारीच्या मध्ये मध्ये येत नाही, मारामारीच्या आतच सांगितली जाते. 'डर्टी हो'मध्ये (१९७९) वेश बदलून राहणारा राजपुत्र एका घरी मद्य चाखायला जातो. यजमान त्याला मारायला टपलेला. दोघेही आदरातिथ्य सोडत नाहीत. प्याला पुढे करण्याच्या निमित्ताने वार होतो, प्याला स्वीकारण्याच्या निमित्ताने तो अडवला जातो, तोंडाने मद्याची तारीफ चालूच. 'प्रॉडिगल सन'मध्ये लाम चिंग-यिंगने रंगवलेल्या गुरूला दमा आहे. भर लढतीत त्याला धाप लागते, आणि प्रतिस्पर्धी हात आवरतो, कारण आजाऱ्याला हरवून मिळालेला विजय त्याला नको असतो. एका शब्दाचं भाषण न देता माणूस उभा राहतो.

आवडलेली एखादी लढत आवाज बंद करून पुन्हा पाहा. बरंचसं 'धाड धाड' कानांनी पाहिलं होतं, हे तेव्हा समजतं.

सहावी पायरी: कुठले दोष सोडून द्यायचे, कुठले नाहीत

झटकन पुढे धावणारा झूम, विग, कापसाच्या दाढ्या, खलनायक पडताक्षणी 'समाप्त' अशी पाटी, हे सोडून द्या. उसनं संगीतही सोडून द्या. १९७२ च्या 'किंग बॉक्सर'मध्ये, जो अमेरिकेत 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' नावाने गाजला, क्विन्सी जोन्स यांची एका अमेरिकी मालिकेसाठीची धून सरळ वापरलेली आहे. हे सगळं घाईचं फळ.

गुरूची हत्या, चेल्याची तालीम, सूड, हा साचा मात्र खरोखर कंटाळवाणा होतो. सुमार सिनेमांत सूड घेऊन माणसाला काय मिळालं हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

बायकांच्या बाबतीत चांग चे यांच्यासारख्या मोठ्या दिग्दर्शकानेही निराशा केली आहे. त्यांना पडद्यावर पुरुषी मर्दुमकी हवी होती, आणि त्यात बाईला मरणाऱ्याजवळ रडण्यापलीकडे काम उरलं नाही. कित्येक सिनेमांत बलात्कार हा नायकाला चिडवण्यापुरता वापरलेला आहे. हे काळावर ढकलता येत नाही, कारण त्याच काळात, त्याच स्टुडिओत, नृत्य शिकलेली चेंग पे-पे 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये भरल्या खाणावळीत गुंडांना पुरून उरत होती. कारा हुईला 'माय यंग आंटी'साठी (१९८१) पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. जमत होतं, बहुतेकांनी केलं नाही.

जपानी खलनायकांचंही तसंच. १९४१ ते १९४५ हाँगकाँग जपानच्या ताब्यात होतं, ती जखम ताजी होती. ब्रूस लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'तला (१९७२) संताप तिथून येतो आणि तो खरा आहे. तरी मिश्या, दात आणि विकट हास्य असलेल्या त्या पात्रांकडे पाहताना चरफडायला होतं. उतारा म्हणून लाउ यांचा 'हीरोज ऑफ द ईस्ट' (१९७८) जरूर पाहा. चिनी नवरा आणि जपानी बायको यांच्यात कोणाची विद्या श्रेष्ठ यावरून भांडण जुंपतं, जपानहून योद्धे येतात, लढती होतात, आणि कोणीही मरत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र माझी सहनशक्ती संपते. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'मध्ये (१९७८) मांजर आणि नागाची झुंज खरीखुरी लावलेली आहे. सिनेमा उत्तम आहे, ते दृश्य तेवढं न पाहता पुढे जा. आणि 'गेम ऑफ डेथ' (१९७८) वगळलात तरी चालेल. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. अपुऱ्या राहिलेल्या त्याच्या चित्रणाभोवती बदली नट घेऊन हा चित्रपट उभा केला आणि त्यात त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यं घातली. शेवटाकडची त्याची स्वतःची लढत तेवढी वेगळी काढून पाहा.

सातवी पायरी: इतिहास म्हणून पाहू नका

बोधिधर्म भारतातून गेला आणि त्याने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. तो भारतातून आल्याची परंपरा जुनी आहे, पण त्याला व्यायाम आणि युद्धकलेशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांहून नंतरचा. वाँग फेइ-हुंग हा वैद्य आणि वस्ताद खराच होऊन गेला, पण क्वान टाक-हिंग या नटाने १९४९ पासून सत्तरहून अधिक चित्रपटांत साकारलेला वाँग आणि 'ड्रंकन मास्टर'मधला उनाड पोरगा वाँग यांचा त्या माणसाशी संबंध नावापुरताच.

मुलांसोबत पाहणार असाल तर आधी स्वतः एकदा पाहून घ्या. रक्त अचानक येतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना 'हीरोज ऑफ द ईस्ट' चालतो. आणि एका बैठकीत एकच सिनेमा ठेवा. लागोपाठ दोन पाहिले की लढती एकमेकींत मिसळतात, आणि कोणाचा पाय कसा पडत होता ते आठवेनासं होतं.