मालकीचं रान तोडायला काढताय? उक्तं देऊ नका

कोकणात रानाचा व्यवहार बहुतेक वेळा असाच उक्ता, म्हणजे झाडं न मोजता सगळ्या रानाचा एकच आकडा ठरवून होतो. ठेकेदार येतो, बांधावर उभा राहून एकदा नजर फिरवतो, "सगळं मिळून इतके देतो" म्हणतो, आणि मुंबईचे भाऊ फोनवरच हो म्हणून मोकळे होतात कारण कुणाला घराचं छप्पर काढायचंय तर कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय. मग पावसाळा सरला की कटर लागतो आणि मार्चपर्यंत डोंगर बोडका, बारकी रोपं सुद्धा जळाऊ म्हणून ट्रकात गेलेली असतात. पुढच्या पावसात तिथे काय येतं तर रानमोडीचं तण. लाकूड विकू नका असं मी अजिबात म्हणत नाही, रान आपलं आहे आणि गरज पण आपलीच आहे, फक्त उक्तं देऊ नका, झाड बघून द्या.

पहिलं काम कागदाचं. सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. तिथे "खाजगी वन" किंवा "वन" अशी काही नोंद दिसली तर तिथेच थांबा, कारण १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला अशा कितीतरी जमिनी सरकारजमा झाल्या आणि लोकांना अजून वाटतं की आजोबांचं रान आहे. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा, म्हणजे खाजगी जमिनींवर पडलेल्या "वन" नोंदींचा घोळ वेगळाच. सावंतवाडी दोडामार्ग पट्ट्यात तर हायकोर्टाच्या २०१३ च्या आदेशाने तोडबंदीच आली, तिकडच्यांनी आधी वनखात्यात जाऊन आजची स्थिती विचारायची, गावातल्या कुणाच्या ऐकीव माहितीवर जायचं नाही. नोंद साफ असली तरी सामायिक सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्यांची संमती लागते, मयतांची वारस नोंद झालेली नसली की सगळं तिथेच अडकतं. हे काम गणपतीत उरकून घ्या, सगळे चाकरमानी गावात असतात.

मग परवानगी. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा आहे, त्याच्या यादीतलं झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ हे सगळे यादीत, म्हणजे आपल्या रानात विकण्यासारखं जे काही आहे ते जवळपास सगळंच. अर्ज, सातबारा, नकाशा, झाडांची यादी घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला जायचं, मग वनपाल जागेवर येऊन झाडं बघतात. ठेकेदार म्हणतो "पासचं (परवान्याचं) मी बघतो, तुम्ही फक्त सही करा". कोऱ्या कागदावर सही करायची नाही, अर्जात किती झाडं लिहिलीत ते मोजून मगच करायची, कारण उद्या जास्तीचे खुंट सापडले तर जबाब तुम्हालाच द्यायचाय.

आता खरं काम, झाडं निवडणं. ठेकेदाराला न घेता रानात जा, सोबत गावातला एखादा जुना माणूस आणि डब्यात चुना नाहीतर रंग. खूण तोडायच्या झाडाला करायची, राखायच्या नाही, म्हणजे खूण नसलेलं झाड पडलं की चोरी लगेच दिसते. खूण दोन ठिकाणी करा, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी, म्हणजे झाड गेल्यावर खुंटावर ती राहते. माझा हिशोब साधा आहे, तीनातलं एक काढायचं. दाटीत एकमेकांना दाबणारी, वाकडी, शेंडा मेलेली आधी. सरळसोट सुंदर झाडं सगळी काढलीत तर पुढचं बी कुणाचं पडणार, वाकड्यांचंच ना? म्हणून प्रत्येक जातीची दोनचार चांगली झाडं बियांसाठी ठेवा. पऱ्याच्या, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या दोन्ही काठांना आणि उभ्या उतारावर हात लावू नका, तिथली मुळं माती धरून असतात. ढोली असलेला जुना बेहडा तर बिलकुल नाही, तसलं लाकूड आतून पोकळ असल्याने दर येत नाहीच, आणि ढोलीत ककणेराची (धनेश पक्ष्याची) मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, बाहेरून नर भरवत असतो, त्या दिवसात झाड पाडलं तर पिल्लासकट सगळं संपलं.

मोजमाप स्वतः शिका, इथेच सगळ्यात जास्त मार बसतो. ओंडक्याच्या मध्यावर टेप लावून घेर इंचात घ्या, चारने भागा, आलेला आकडा त्यालाच गुणा, मग फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ४८ इंच, लांबी १० फूट असेल तर १२ गुणिले १२ गुणिले १० भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. खरं तर एवढ्या गोल ओंडक्यात पावणेतेरा घनफुटाच्या आसपास लाकूड असतं, पण व्यापारात हा चौथाई घेराचा हिशोब चालतो, बाकीचं कापताना वाया जातं असं धरतात. म्हणजे व्यापाऱ्याची सोय हिशोबात आधीच आहे, त्यावर तो आणि बारक्या टोकाला टेप लावत असेल तर लावू देऊ नका. घेर साल धरून की साल सोडून हेही आधीच बोलून घ्या. इमारती माल घनफुटावर आणि जळाऊ टनावर, दोन्हीचे दर वेगळे लिहून घ्यायचे.

तोड पावसाआधी संपली पाहिजे. कटरवाला सराईत बघा, आणि तो काम कसं करतो ते पहिल्या झाडाला उभं राहून बघा. वेली आधी तोडल्या का, मागे तिरकं पळायची वाट साफ केली का. ज्या बाजूला झाड पाडायचं तिथे बुंध्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी खाच, मग मागून खाचेच्या तळापेक्षा इंच दोन इंच वर काप, आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड न कापता सोडायचं, त्या बिजागरीवर झाड वळून पडतं. आरपार कापणारा माणूस दिसला की काम थांबवा, झाड कुठेही जाईल. दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड तसंच टाकून त्याच्याखाली कुणाला जेवायला बसू देऊ नका, हे गड्यांना रोज सांगावं लागतं. जवळून वीजेची लाइन जात असेल तर आधी महावितरणला कळवून ती बंद करून घ्यायची.

खुंट जमिनीपासून अर्ध्या फुटाच्या आत, वरचा काप जरा उतरता म्हणजे पाणी साचत नाही, आणि साल सोललेली फाटलेली नको. साग, ऐन, किंजळ खुंटातून जोरात फुटतात, उंच ठेवलेल्या खुंटाचे फुटवे मात्र वाऱ्याने मोडून पडतात. माल वाहतूक पासाशिवाय आणि वनखात्याच्या शिक्क्याशिवाय रानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, रात्री "फक्त एक गाडी" म्हणणाऱ्याला तर नाहीच.

फांद्या, पाला खुंटांवर ढीग करून जाळू नका, पसरून टाका, कुजून जाईल. वणव्याच्या आधी, म्हणजे जानेवारी फेब्रुवारीत, कडेने जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून गवत पाला साफ केलेला पट्टा) काढा आणि पहिली दोन वर्षं गुरं शेरडं आत सोडू नका. एका खुंटाला दहा पंधरा फुटवे येतात, दुसऱ्या वर्षी पावसानंतर कोयता घेऊन जा, बुडाशी फुटलेले जोमदार एक दोन ठेवा, बाकीचे साफ करा. परवानगीत लागवडीची अट असते ती रोपं त्याच जातीची लावा, फुकट मिळतात म्हणून अकेशिया नको.