माल किती मागवायचा? निर्णय आधी वहीत चालवून कसा पाहावा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या बाजारात, एखादे लहान दुकान आहे, असे धरून चालू. तिथे कधी जोड ठेवायला मांडणीवर जागा नसते, तर कधी गिऱ्हाईक मागते तो नंबर नसतो. या चढउताराचे खापर बहुधा पावसाळ्यावर, बाजारावर नाही तर कारागिरावर फुटते. पण त्यातला मोठा भाग मालकाच्या स्वतःच्या मागणीच्या सवयीतून येत असू शकतो, आणि ते घरबसल्या तपासता येते. साठा आणि त्याची आवक-जावक आठवड्यामागून आठवडा आकड्यांत मांडून असे तपासण्याच्या पद्धतीला सिस्टिम डायनॅमिक्स म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात तिचा पाया घातला. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या केंटकी येथील कारखान्यांत कामगारांची संख्या साधारण तीन वर्षांच्या चक्राने वर-खाली होत असे. फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवले की, येणाऱ्या ऑर्डरी स्थिर असल्या तरी भरतीच्या आणि साठ्याच्या अंतर्गत नियमांमुळेच असे चक्र सुरू होऊ शकते.

पहिली पायरी म्हणजे एकच नेमका प्रश्न ठरवणे. ‘धंदा कसा वाढवावा’ या प्रश्नाचे मॉडेल, म्हणजे आकड्यांत मांडलेली नक्कल, होत नाही. ‘विक्री वाढल्यावर दर आठवड्याला कारागिराला किती जोडांची ऑर्डर द्यावी’ याचे होते. मग जुन्या बिलबुकांवरून शिल्लक मालाचा वर्षभराचा आलेख हाताने काढावा.

दुसरी पायरी साठा आणि प्रवाह वेगळे ओळखण्याची. कोल्हापूरकराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आपण पावसाळाभर पाहतो. ती पातळी हा साठा, तर वरून येणारे आणि पुढे जाणारे पाणी हे प्रवाह. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर ते पाणी बंधाऱ्यापर्यंत यायला काही तास लागतात, तो विलंब. दुकानात मांडणीवरचे जोड हा साठा, विक्री आणि कारागिराकडून येणारा माल हे प्रवाह, आणि ऑर्डर दिल्यापासून जोड हातात पडेपर्यंतचा काळ हा विलंब. या विलंबाचे आठवडे अंदाजाने लिहू नयेत. मागच्या दहा-बारा ऑर्डरींच्या तारखा पाहूनच लिहावेत.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती आकड्यांनिशी पाहू. आठवड्याला ४० जोड विकले जातात, मांडणीवर २०० जोड असावेत असे मालकाला वाटते आणि तेवढे आहेतही, ऑर्डर चार आठवड्यांनी हाती येते, आणि आधी सांगितलेले ४० जोड दर आठवड्याला येत आहेत. आता विक्री एकदम ५०वर गेली आणि तिथेच स्थिरावली. मालकाचा नियम साधा आहे: जेवढे विकले तेवढे, अधिक २०० भरायला जेवढे कमी पडतात तेवढे मागवायचे. पहिल्या आठवड्याअखेर शिल्लक १९०, म्हणून ऑर्डर ६०. पुढच्या तीन आठवड्यांत शिल्लक १८०, १७०, १६० होते आणि ऑर्डर ७०, ८०, ९० जाते. मग हा सगळा माल पाठोपाठ येऊ लागतो. दहाव्या आठवड्यात मांडणीवर ३०० जोड असतात, आणि आठव्यापासून अकराव्या आठवड्यापर्यंत कारागिराला एकाही जोडाची ऑर्डर मिळत नाही. सोळाव्या आठवड्यात शिल्लक अवघी ५० उरते. विक्री या सर्व काळात ५०च होती, हे लक्षात घ्यावे.

चूक एवढीच की, कारागिराकडे आधीच सांगून ठेवलेले जोड हिशेबात धरलेले नाहीत. नियम बदलून पाहावा: मांडणीवरचे आणि कारागिराकडे बाकी असलेले जोड मिळून ४०० होतील इतकीच ऑर्डर द्यावी, म्हणजे २०० मांडणीचे आणि चार आठवड्यांच्या विक्रीचे २००. पहिल्या आठवड्याअखेर मांडणीवर १९० आणि कारागिराकडे बाकी १२०, म्हणून ९० जोडांची एकच मोठी ऑर्डर जाते, नंतर दर आठवड्याला ५०. शिल्लक १६०पर्यंत उतरते, पाचव्या आठवड्यात २००वर येते आणि तिथेच राहते. जुनाच नियम ठेवून विलंब दोन आठवड्यांवर आणला, तर शिल्लक १८० ते २२०च्या दरम्यान हेलकावत राहते. म्हणजे माल लवकर मिळवल्याने त्रास कमी होतो, पण मिटत नाही. माझ्या मते कारागिराच्या मागे घाईचा तगादा लावण्याआधी प्रत्येक दुकानदाराने हे गणित स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावे.

हे सगळे एक्सेलमध्ये सहज बसते: एका ओळीत एक आठवडा, आणि आठवडा, आलेला माल, विक्री, शिल्लक, कारागिराकडची बाकी व नवी ऑर्डर असे सहा रकाने. विश्वास ठेवण्याआधी मागच्या वर्षीची खरी विक्री त्यात भरावी आणि निघालेली शिल्लक आपल्या आलेखाशी ताडून पाहावी. विक्री शून्य धरूनही पाहावे. शिल्लक उणे दिसली तर सूत्र चुकले आहे.

यानंतरच कशामुळे काय घडते हे दाखवणारे बाणांचे चित्र काढावे, कारण आकडे हाताळल्याशिवाय बाण नुसते शोभेचे राहतात. कमी शिल्लक जास्त ऑर्डर घडवते आणि ऑर्डर शिल्लक भरते, हा तोल राखणारा फेरा झाला. दुसरा फेरा मात्र जपून पाहावा. चार आठवडे ऑर्डर न मिळालेला कारागीर दुसऱ्या कामाला लागतो. हात कमी झाले की उरलेल्या ऑर्डरींना उशीर होतो. उशिरामुळे दुकानदार घाबरून अधिक मागवतो, आणि पुढची मंदी आणखी खोल जाते. वेणी आणि पट्ट्याचे सुबक काम करणारा नवा हात महिन्याभरात तयार होत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात ‘कामावरचे कारागीर’ हाही एक साठा म्हणून मॉडेलमध्ये घ्यावा, आणि शिकण्याचा काळ त्याचा विलंब म्हणून लिहावा.

सुरुवात करायला ऑर्डरच्या वहीत एक नवा रकाना पुरेसा आहे: ‘सांगितलेले, पण अजून न आलेले जोड’. तो दर आठवड्याला, नवी ऑर्डर देण्यापूर्वी भरावा.