विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा पाण्यात कसा तपासावा

पॉलिमरच्या प्रयोगशाळेत नवी आलेली मुलं बफरमधला (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणातला) धागा काढून थेट तराजूवर ठेवतात. आठवडाभर वजन ढिम्म हलत नाही. मग विचारतात, “मॅडम, हा झिजतोय कुठे?” झिजत असतो. वजन सगळ्यात शेवटी उतरतं, ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते.

व्हिक्रिलसारख्या धाग्यात ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड असतं. लांबच लांब साखळ्या, एस्टर बंधांनी जोडलेल्या. पाणी आत शिरून हे बंध तोडतं. पण तुटलेले तुकडेही सुरुवातीला एवढे मोठे असतात की पाण्यात उतरत नाहीत. शरीरात या धाग्याची ताकद दोन आठवड्यांनी साधारण ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के उरते. पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. जखमेला आधार हवा असतो तो सुरुवातीचा. म्हणून आधी ताकद मोजा.

पाकीट प्रयोगाच्या वेळीच फोडा. पावसाळ्यात तर हे पाळाच, हवेतला ओलावाही धाग्याला पुरतो. फॉस्फेट बफर ७.४ पीएचचं, तापमान ३७ अंश. एका ग्रॅमला निदान ३० मिलिलिटर बफर घ्या. तपासायच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळ्या बाटल्या भरा, किमान तीन-तीन. वाळवलेला नमुना परत बफरमध्ये टाकायचा नाही. बुरशी नको म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला.

पीएच नेमाने बघा. तुटताना आम्ल सुटतं, ७.२च्या खाली गेलं तर बफर बदला, नाहीतर तेच आम्ल तुटण्याचा वेग वाढवतं.

धागा काढला की डिस्टिल्ड वॉटरने धुवा, टिपकागदाने टिपा आणि ओला असतानाच यूटीएमवर (ताणून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ताणा. गाठ मारलेले नमुने वेगळे ताणा, सर्जनचा सगळा भरवसा गाठीवर असतो. वजनासाठी मात्र निर्वात डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात), लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत वाळवा. गरम ओव्हन नको, उरलेलं पाणी तिथे आणखी बंध तोडतं.

पॉलिलॅक्टिक आम्लाचा, हाडात बसवायचा जाड स्क्रू तपासत असाल तर तो आडवा कापून बघाच. आतलं आम्ल बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे गाभा बाहेरच्या थराआधी खचू शकतो. वरून स्क्रू धडधाकट दिसतो, म्हणून नुसत्या पृष्ठभागाच्या फोटोवर मी कधीच समाधान मानत नाही.

घाई आहे म्हणून ७० अंशांवर ठेवून ३७ अंशांवर किती दिवस लागतील याचा हिशेब मांडू नका. पॉलिलॅक्टिक आम्ल ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पुढे पाणी वेगळ्याच गतीने शिरतं. आणि कॅटगटला ही रीत लावूच नका. तो प्राण्यांच्या आतड्यातल्या कोलॅजनचा, शरीरातली विकरं त्याला पचवतात. नुसत्या बफरमधून त्याचा हिशेब लागत नाही.