पाड्यावर केसवर्कर म्हणून रुजू होताय? आधी तालुक्याच्या एजंटाकडून शिका

रायगड-पालघरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्थांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर नवी माणसं येतात. कुणी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून आलेलं, कुणी बीएसडब्ल्यू (त्याच विषयातली पदवी), तर कुणी त्याच तालुक्यातली, आश्रमशाळेत बारावी झालेली मुलगी. पदाची नावं नाना: केसवर्कर, समुदाय संघटक, क्षेत्र कार्यकर्ता. काम एकच. काही घरं वाटून घ्यायची आणि त्या घरांचं रेशन, दाखले, पोरांची शाळा, बाळंतपण, मजुरी, उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) हे सगळं एकत्र बघायचं. मी हे काम बरीच वर्षं केलं आणि आता नव्यांना तयार करते.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात एजंट बसतो. पैसे घेतो, पण रेशनकार्ड करून देतो. मग तुमची गरज काय?

"तो लुबाडतो," असं उत्तर येतं. लुबाडतो हे खरंच. पण लोक त्याच्याकडे का जातात तेही बघा. पुरवठा शाखेतला कारकून कुठल्या वारी जागेवर सापडतो, तलाठी सजावर कधी बसतो, कुठल्या अर्जाला कुठलं स्वयंघोषणापत्र जोडायचं, हे त्याला तोंडपाठ असतं. आणि तो उपदेश करत नाही. दारू सोडा, पोरं कमी करा, असं काही ऐकवत नाही. एवढं त्याच्याकडून उचलायलाच हवं. म्हणून आमच्याकडे नवा माणूस पहिला आठवडा पाड्यावर जातच नाही. पुरवठा शाखा, सेतू, पंचायत समिती, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, एवढ्या ठिकाणी बसायचं आणि कुठला कागद कुठल्या टेबलावरून कुठे सरकतो ते वहीत काढायचं. एमएसडब्ल्यूवाल्यांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

एजंटाच्या कामात घरचं माणूस बाहेर बाकड्यावर बसून राहतं. कागद आत जातो, कागद बाहेर येतो, मध्ये काय झालं ते त्याला कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा एजंट. आपण फुकटात तेच केलं तर आपणही एजंटच, फक्त पगार संस्थेकडून. म्हणून घरातलं कुणीतरी सोबत असल्याशिवाय एकही अर्ज द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. टेबलासमोर ते उभं राहणार, आपण एक पाऊल मागे. साहेब तुमच्याकडे बघून बोलू लागले की नजर त्या बाईकडे वळवायची. दिवसाची मजुरी बुडते ही लोकांची तक्रार रास्त आहे. त्यावर आमचा तोडगा म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी कचेरी धरायची, नाहीतरी त्या दिवशी माणसं खाली उतरलेलीच असतात.

आणि पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. ही पोच आपल्या फायलीत ठेवायची नाही, त्या घरातच ठेवायची. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अनेक दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे, मुदत टळली तर अपील करता येतं. पण मुदत मोजायची कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. रोजगार हमीवर काम मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकार भत्ता, ही तरतूदही नमुना ४ ची, म्हणजे कामाच्या मागणीच्या अर्जाची, पोच हातात नसली की कागदावरच राहायची. एका पाड्यावरची बाई मला आठवते, अक्षरओळख नव्हती. खिडकीतून परत आलेली प्रत तिनं उलटीपालटी करून पाहिली, निळा ठसा कुठे दिसेना, तशी कागद पुन्हा आत सारला. "शिक्का राहिला, साहेब." साहेबांनी मारला. त्या घराकडे मग मला कागदांसाठी फारसं जावं लागलं नाही.

आता वेळापत्रक. प्रशिक्षणात योजनांची यादी घोकून घेण्यावर फार वेळ जातो असं माझं मत आहे. योजना बदलत राहतात. घराचं वर्ष मात्र सहसा बदलत नाही, ते आधी शिका. कातकरी वाडी घ्या. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई, कल्याणकडे. काही कोळशाच्या भट्टीवर. पावसाआधी परत. मग आवणीची, म्हणजे भातलावणीची, मजुरी. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं, त्याच वेळी आजारपण वाढतं, आणि नेमकं तेव्हाच भट्टीसाठी मजूर जमवणारा मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात येतो. आपल्या प्रकल्पाचे अहवाल मार्चअखेरीस, आणि मार्चमध्ये वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री. मार्चमध्ये 'कुटुंब भेटी पूर्ण' असं लिहून आणणाऱ्याची वही मी बारकाईनं बघते.

तेव्हा दाखल्यांची खरी कामं जुलै ते ऑक्टोबर या काळात उरकायची. दिवाळीआधीचे पंधरा दिवस फक्त निघण्याच्या तयारीचे. मुलांची शिक्षण हमी पत्रकं शाळेतून घ्यायची, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. लसीकरणाचं कार्ड आईच्या पिशवीत आहे ना, ते बघायचं. रेशनकार्डाचा बारा आकडी नंबर मोबाइलमध्ये साठवून द्यायचा. आता धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येतं आणि काही हिस्सा तिथे, उरलेला गावी म्हाताऱ्यांनी, असंही करता येतं. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि काही दुकानदारांनाही माहीत नसल्यासारखं वागायचं असतं.

मग उचलीची नोंद. मुकादमाचं नाव, भट्टीचं गाव, मालक कोण, किती रक्कम, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात. भट्टीवर आठवड्याला 'खर्ची' मिळते, तिखट-मीठ-तांदळापुरती, आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. हिशेब मालकाच्या वहीत. विटा किती पाडल्या, पावसानं किती भिजल्या, आजारपणाला किती दिले, सगळं त्याच वहीत. शेवटी बाकी मजुराच्याच अंगावर निघते आणि पुढच्या सालात जाते. म्हणून आम्ही प्रत्येक जोडप्याला छोटी वही देतो. लिहिता येत नसेल तर रोजच्या विटांच्या रेघा, पोरांकडून. ही वही भांडणासाठी दिलेली नाही हे घरच्यांना नीट सांगायचं, नाहीतर ते ती घरीच ठेवून जातात.

उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, भट्टी सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं ती बंद झाली आणि तसलं कर्जही रद्द ठरतं. पण असं काही दिसलं तर नव्या माणसानं एकट्यानं भट्टीवर जाऊन मालकाशी वाद घालायचा नाही. तुम्ही मोटारसायकलवर बसून परत याल, कुटुंब तिथेच असतं. वरिष्ठांना कळवा, प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जाऊ द्या, आणि मुक्ततेचा दाखला हातात पडेपर्यंत त्या कुटुंबाला सोडू नका. दाखल्याशिवाय घरी आलेलं कुटुंब पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच भट्टीवर दिसतं.

कागदांचं थोडं सविस्तर सांगते, कारण नवे लोक इथेच घाई करतात. प्रत्येक घरात कागदांची एक प्लास्टिकची पिशवी असते, बहुतेक कारवीच्या कुडात खोचलेली. ती मागून घ्यायची नाही, आपणहून काढली तर बघायची. सगळे कागद जमिनीवर मांडायचे. आधार कार्डं बघा: बापाची जन्मतारीख १ जानेवारी, आईची १ जानेवारी, थोरल्या पोराची १ जानेवारी. नोंदणीच्या शिबिरात अंदाजानं वर्ष टाकलेलं. कधी बाप आणि मुलगा यांच्यात बाराच वर्षांचं अंतर. म्हातारी दिसायला सत्तरीची, कागदावर अठ्ठावन्न, त्यामुळे ६५ वर्षांची अट असलेल्या श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेत बसत नाही. रेशनकार्डावर नाव एक, बँकेच्या पासबुकावर दुसरं, आडनाव तिसरीकडे गायब.

लगेच दुरुस्तीला धावू नका. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. चुकीच्या कागदाच्या आधारानं बदललंत तर पुढे दार बंद. आधी ठरवा, या माणसाचा पाया कुठला कागद. शाळेचा दाखला असेल तर सहसा तो. नसेल तर जन्माची नोंद. तीही नसेल आणि जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, त्याची तयारी वेगळी. पाया ठरला की बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे, उलटं नाही.

जातीच्या दाखल्याचं दुखणं याहून जुनं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. ज्यांच्या आजोबांना ना जमीन होती ना शाळा, आणि जे कामासाठी रानोमाळ फिरत होते, त्यांनी तो आणायचा कुठून? वडिलांकडच्या नात्यात कुणाचा दाखला आधी निघालाय का ते शोधा. नसेल तर गृहचौकशी आणि पंचनामा मागा. एकेकाचं प्रकरण घेऊन फिरण्यापेक्षा वाडीची वंशावळ एकदाच बसून काढा. म्हाताऱ्यांना यात मजा वाटते, संध्याकाळ जाते, आणि एका आजोबावर अनेक घरांचे दाखले निघतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन हे केंद्राचं अभियान आलं, घरकुलं मंजूर झाली, पण कितीतरी कातकरी वाड्या खाजगी मालकाच्या जागेवर उभ्या आहेत. घर मंजूर, जागा नावावर नाही. असा गुंता केसवर्करच्या हातानं सुटत नाही. तो ग्रामसभेत आणि संघटनेच्या जोरावरच सुटला तर सुटतो.

घरात गेल्यावर काय विचारायचं, यावर आम्ही सराव घेतो. उत्पन्न विचारू नका. उत्तर खोटं येईल, आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण उत्पन्न विचारणारा आजवर सरकारी माणूसच आला. "यंदा भात कधीपर्यंत पुरेल?" हे विचारा. "गणपतीपर्यंत" आणि "आखाडातच संपलं" यात सगळं कळतं. चुलीवर काय आहे ते नजरेनं बघा, भांड्यात डोकावू नका. बाईशी बोलायचं असेल तर पाणी भरायला सोबत जा. झोपडीत पन्नास कान असतात.

मूल फार वाळलेलं दिसलं तर अंगणवाडी सेविकेला बोलवा. तिच्याकडच्या पट्टीवर दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषित. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं गेली तेव्हापासून या पट्ट्यात यंत्रणा बरीच उभी राहिली आहे. तरी आई पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहायला तयार होत नाही. नवा कार्यकर्ता वहीत लिहितो, "आई निष्काळजी." अशी नोंद मी फाडायला लावते. मागे दोन पोरं कोण बघणार, कोंबड्या कोण कोंडणार, नवरा कामावर गेला तर सासूला डोळ्यांनी दिसतं का, हे विचारून त्याची सोय लावा. बुडीत मजुरी मिळते हे सांगा आणि ती खात्यात पडली का ते नंतर तपासा. भगताला, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाला, आधी भेटा. त्यानं "दवाखान्यातही न्या" म्हटलं तर तुमच्या दहा फेऱ्या वाचतात.

काही गोष्टी एकट्यानं ठरवायच्या नसतात. अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं तर नवरा आत जाईल या भीतीनं मुलगी दवाखान्यातच येत नाही, आणि बाळंतपण घरात अडतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कायदा लपवायचा नाही आणि मुलीचा दवाखाना सुटू द्यायचा नाही. त्याच दिवशी वरिष्ठांना फोन, आणि मुलीसोबत राहणारी बाई आपल्यातली. यावर माझ्याकडे याहून सोपं उत्तर नाही.

डहाणू-तलासरीकडे नेमणूक झाली तर तिथला इतिहास वाचून जा. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी (गोदूताई) आणि शामराव परुळेकरांसोबत वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगड्याची पद्धत मोडून काढली. लग्नाच्या कर्जापायी जोडपं सावकाराकडे राबायचं, ती ही पद्धत. तिथल्या म्हाताऱ्यांना 'जागृती' करायला गेलात तर ते ऐकून घेतील, तंबाखू मळतील आणि उठून जातील. वनहक्काचा दावा कुठल्या समितीकडून कुठे जातो हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असतं. तिथे तुमचा उपयोग नकाशा, जीपीएसची मोजणी आणि साठ दिवसांच्या आत अपील लिहून देण्यापुरता. तेवढाही पुष्कळ आहे.

शिक्षणाबद्दल विचारतात म्हणून सांगते. ग्रामीण कामाकडेच यायचं नक्की असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र बघा, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. पदवी महत्त्वाची, कारण पुढे प्रकल्प समन्वयक व्हायला ती लागते. पण भरती करताना पाड्यावरची बारावी पास मुलगी आणि शहरातली एमएसडब्ल्यू यांत एकच जागा असेल तर मी मुलीला घेते आणि तिचा बीएसडब्ल्यूचा फॉर्म भरायला लावते. पगार दोघींनाही कमीच. पेट्रोलभत्ता रुजू होण्याआधी लेखी घ्या, पावसात घाट चढताना तो आठवतो.

प्रकल्प बहुधा तीन वर्षांचे असतात. तुम्हीही बदलून जाल. जायच्या आधीच्या दिवाळीपूर्वी प्रत्येक घरात बसून पिशवीतले कागद पुन्हा मांडा, कुठला अर्ज कुठे अडकलाय ते घरच्यांकडून वदवून घ्या, आणि जे त्यांना सांगता येणार नाही तेवढंच नव्या माणसाच्या रजिस्टरात उतरवा. रजिस्टर जाड निघालं तर तीन वर्षं कोणाचं काम कोणी केलं ते वाचणाऱ्याला कळतंच. नव्या माणसाला मग माझ्याकडे पाठवा, पुरवठा शाखेतला बाक मी दाखवीन.